उणे ऐंशीतली नळी: गरोदरपणात दिलेलं रक्त दुसऱ्या शास्त्रज्ञांपर्यंत कसं पोचतं?

(ऐकण्याऐवजी वाचायला आवडणाऱ्यांसाठी या भागाचं लेखी रूप. बोलताना आलेले "हां", "म्हणजे बघा" थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)



आजचा विषय एका व्हॉइस मेसेजवरून घेतलाय. आपल्या कुरकुंभमधल्याच एका ताईंनी पाठवलाय. त्या म्हणतात, "गरोदरपणात दवाखान्यात माझं रक्त घेतलं, तेव्हा एका फॉर्मवर सही घेतली. त्यात लिहिलं होतं की उरलेला नमुना भविष्यातल्या संशोधनासाठी साठवला जाईल आणि इतर शास्त्रज्ञांना दिला जाऊ शकतो. दादा, म्हणजे माझं रक्त जाणार कुठं? आणि त्यावर माझं नाव असणार का?"

प्रश्न दोन ओळींचा आहे, पण त्याचं उत्तर द्यायचं तर आपल्याच जिल्ह्यातली तीस वर्षांची एक गोष्ट सांगावी लागेल. चला तर मग.

आधी एमआयडीसीतलं उदाहरण

कुरकुंभच्या एमआयडीसीत औषधाच्या किंवा केमिकलच्या कंपनीत क्यूसीला काम करणारे बरेच जण हा पॉडकास्ट ऐकतात. त्यांना "कंट्रोल सॅम्पल" काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. मालाची बॅच तयार झाली की ती ट्रकमध्ये भरून जाते, पण त्यातला थोडासा माल कंपनी स्वतःकडे ठेवून देते. त्यावर लेबल असतं: मालाचं नाव, बॅच नंबर, तारीख, कुठल्या तापमानाला ठेवायचं. दोन वर्षांनी गिऱ्हाइकाकडून तक्रार आली, तर कपाटातून ते सॅम्पल काढायचं आणि तपासायचं.

आता कल्पना करा, लेबल गळून पडलंय. बाटली आहे, पावडर आहे, पण कुठल्या बॅचची ते कळत नाही. मग तिचा उपयोग काय? शून्य. फेकून द्यायची.

गरोदरपणातल्या संशोधनाचे नमुने अगदी असेच असतात. फरक इतकाच की इथं बॅच म्हणजे एक बाई आणि तिचं बाळ. बॅच परत बनवता येते. अठराव्या आठवड्यातलं ते रक्त पुन्हा कधीच मिळत नाही, कारण ते गरोदरपण संपलेलं असतं आणि ते बाळ आज कदाचित स्वतः आईबाप झालेलं असतं.

सहा गावं आणि सातशेहून जास्त बाळं

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं नाव तुम्हाला माहीत आहे. या हॉस्पिटलनं डॉ. बानू कोयाजींच्या काळात शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. कोयाजीबाईंना १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच केईएममध्ये मधुमेहाचे डॉक्टर आहेत चित्तरंजन याज्ञिक. त्यांना एक कोडं पडलं होतं. आपल्याकडची माणसं तशी अंगानं बारीक, तरी मधुमेह इतक्या लवकर का होतो? याचं मूळ आईच्या पोटात तर नाही ना?

हे शोधायला १९९३-९४ च्या सुमारास एक अभ्यास सुरू झाला: पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनचे शास्त्रज्ञ सोबत होते, डॉ. कॅरोलिन फॉल हे त्यातलं मोठं नाव. पुण्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवरची सहा गावं निवडली. गावांची नावं मी आज मुद्दाम घेत नाही, का ते पुढं कळेल.

काम कसं चाललं बघा. लग्न झालेल्या जवळपास अडीच हजार महिलांची नोंद झाली, तीही गरोदर व्हायच्या आधी. कार्यकर्त्या दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख विचारायच्या. पाळी चुकली की सोनोग्राफी. १९९४ ते १९९६ या काळात ज्या गरोदर राहिल्या, त्यांचं वजन, उंची, त्वचेखालच्या चरबीची जाडी मोजली. काय खाल्लं, शेतात किती राबलात, पाणी किती लांबून आणलंत, हेसुद्धा विचारलं. अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात रक्त घेतलं. सातशेहून जास्त बाळं जन्मली आणि त्यांची तपासणी जन्मल्यापासून सुरू झाली. ती बाळं आज तीस वर्षांची आहेत. हा भाग ऐकणाऱ्यांत त्यातलं कुणी असेल, तर तुम्हाला आमचा नमस्कार.

या अभ्यासातून एक गोष्ट जगभर गाजली. इथल्या बाळांचं सरासरी वजन साधारण २.७ किलो, साउथॅम्प्टनच्या बाळांचं साधारण साडेतीन किलो. म्हणजे आपली बाळं लहान. पण त्वचेखालची चरबी बघितली तर ती वजनाच्या मानानं कमी झालेली नव्हती. हातपाय काडीसारखे, स्नायू कमी आणि चरबी मात्र टिकून. याला "थिन-फॅट" बाळ म्हणतात. दिसायला बारीक, आतून चरबीदार.

साठवलेल्या रक्तानं नंतर काय सांगितलं

आता मुद्द्यावर येऊ. त्या काळी गरोदर बाईला काय द्यायचे? लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या. बी-१२ या जीवनसत्त्वाकडं फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. पण रक्त साठवलेलं होतं, म्हणून नंतर त्यातलं बी-१२ मोजता आलं.

२००८ साली निकाल छापून आला. दोन तृतीयांश महिलांमध्ये बी-१२ कमी होतं. फोलेट मात्र फक्त एकाच बाईचं कमी निघालं. आणि सहा वर्षांच्या मुलांची तपासणी केली, तेव्हा दिसलं की ज्यांच्या आईचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सगळ्यात जास्त होती. इन्सुलिनला दाद न देणं ही मधुमेहाच्या वाटेवरची पहिली पायरी.

इथं थांबून विचार करा. रक्त देणाऱ्या महिलेला बी-१२ हा शब्दही माहीत नसेल. रक्त घेणाऱ्यांनाही त्या नळीत पुढं काय काय सापडणार, ते सगळं माहीत नव्हतं. नळी जपली होती, लेबल नीट होतं, आई आणि मूल यांची जोडी वहीत जुळत होती, म्हणून ते उत्तर मिळालं. पुढं २०१२ मध्ये याच मुलामुलींना, ती किशोरवयात आल्यावर, बी-१२ देऊन बघण्याचा प्रयोग सुरू झाला, म्हणजे पुढच्या पिढीला फायदा होतो का ते कळावं. त्याचं नाव "प्रिया". जनुकांच्या कामासाठी हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेचे शास्त्रज्ञ सोबत आले. सगळी तपासणी एकाच प्रयोगशाळेत होत नाही. ज्याच्याकडं यंत्र आणि ज्ञान आहे, त्याच्यापर्यंत नमुना आणि माहिती पोचवावी लागते.

"शेअर" करायच्या आधीची तयारी

मोबाईलवर शेअर म्हणजे एक बटण. इथं तसं नाही. फ्रीजर उघडला, खोका भरला, कुरिअर केला, असं केलं तर समोरच्याला कचरा मिळतो. तयारीचे टप्पे एकेक करून बघू.

पहिला टप्पा, मोजदाद. नळ्या उणे ८० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये असतात. तिथं रॅक, रॅकमध्ये डबा, डब्यात चौकटी, चौकटीत नळी. यादीत लिहिलेली नळी खरंच त्या चौकटीत आहे का, हे हातानं तपासावं लागतं. जुन्या नळ्यांवर पेनानं लिहिलेलं असतं, हिमकणांनी ते पुसट होतं. मग नवीन बारकोड लावायचा. तेही भरभर, कारण नळी बाहेर काढली की वितळायला लागते. आणि आपल्याकडं वीज कधी जाईल सांगता येत नाही. त्यामुळं जनरेटर, अलार्म, आणि निम्मा माल दुसऱ्या फ्रीजरमध्ये ठेवणं, हेही आलंच.

दुसरा टप्पा, नमुन्याचा इतिहास. रक्त एकदा गोठलं, वितळलं, परत गोठलं की त्यातले काही पदार्थ बिघडतात. म्हणून शहाणी माणसं सुरुवातीलाच एका नळीच्या पाच-सहा छोट्या नळ्या करतात, अर्धा-अर्धा मिली. एक वापरली तरी बाकीच्या वितळत नाहीत. कुठली नळी किती वेळा वितळली, याची नोंद नमुन्यासोबत जायला हवी.

एक उदाहरण देतो. होमोसिस्टीन नावाचा एक पदार्थ आहे. बी-१२ कमी असलं की तो रक्तात वाढतो. पण गंमत अशी की रक्त काढून तसंच ठेवलं, यंत्रात फिरवून त्यातला पाण्यासारखा भाग लगेच वेगळा केला नाही, तर लाल पेशींमधून होमोसिस्टीन बाहेर येत राहतो आणि आकडा आपोआप वाढतो. आता समजा, गावात सकाळी रक्त घेतलं, गाडी उशिरा आली आणि दुपारी ते यंत्रात फिरवलं. दहा वर्षांनी दिल्लीतला शास्त्रज्ञ तो आकडा बघून म्हणेल, "या बाईला बी-१२ कमी होतं." खरं कारण गाडी उशिरा आली हे! म्हणून रक्त किती वाजता काढलं आणि किती वाजता फिरवलं, या दोन वेळा नोंदीत असणं फार मोलाचं. ज्या कार्यकर्तीनं त्या वेळा इमानदारीनं लिहून ठेवल्या, तिचंही संशोधनात योगदान आहे.

वही दुसऱ्याला कळली पाहिजे

तिसरा टप्पा, माहितीचा अर्थ लिहून ठेवणं. नमुन्यासोबत एक्सेलसारखा तक्ता जातो आणि त्यात शेकडो रकाने असतात. ज्यानं बनवला त्याला सगळं पाठ असतं, पण दुसऱ्याला काय कळणार? म्हणून प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी एक यादी करतात, तिला डेटा डिक्शनरी म्हणतात. रकान्याचं नाव, काय मोजलं, कशानं मोजलं, एकक काय.

एककाची चूक किती महागात पडते बघा. बी-१२ दोन पद्धतींनी लिहितात. एका पद्धतीत १५० हा आकडा कमतरतेची सीमा मानतात. तीच पातळी आपल्या नेहमीच्या लॅबच्या रिपोर्टमध्ये साधारण २०३ अशी दिसेल. एकक लिहिलं नाही, तर कमी कुणाचं आणि बरं कुणाचं, सगळा घोळ.

दुसरं उदाहरण. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. कार्यकर्ती सासरच्या गावात असते आणि बाळ माहेरी जन्मतं. वजन वेळेत घेता आलं नाही, तर रकाना रिकामा राहतो. असा रिकामा रकाना दाखवायला बरेच लोक ९९९ लिहितात. आता जन्माच्या वजनाच्या रकान्यात ९९९ दिसलं, तर बाहेरचा माणूस काय समजेल? एक किलोला एक ग्रॅम कमी, फार आधी जन्मलेलं बाळ! असं बाळ असू शकतं, म्हणून शंकाही येत नाही. अशा दहा-वीस ९९९ नी सगळं गणित बिघडतं.

खाण्याचं तर विचारूच नका. "एक वाटी कोरड्यास" असं कुणी सांगितलं, तर वाटी केवढी? कोरड्यास म्हणजे डाळीचं की भाजीचं? भाकरी ज्वारीची की बाजरीची? चतुर्थीचा उपवास होता का? हे सगळं त्या डिक्शनरीत उतरवावं लागतं. याच पुण्याच्या अभ्यासातून दिसलं की हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त खाणाऱ्या महिलांची बाळं जन्मताना मोठी होती. नुसत्या कॅलरी मोजल्या असत्या, तर हे दिसलंच नसतं. पालेभाजीचा वेगळा रकाना होता म्हणून दिसलं.

नाव काढलं म्हणजे ओळख गेली का?

आता ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडं. नमुन्यावर नाव असणार का? उत्तर: नाही. नाव, पत्ता, फोन, आधार, हे काढून त्याजागी एक कोड देतात. कोड कुणाचा, हे सांगणारी किल्ली मूळ संस्थेत कुलपात राहते.

पण एवढ्यानं भागत नाही, आणि गावात तर मुळीच नाही. समजा तक्त्यात असं दिसलं: वय एकोणीस, जुळी मुलं, अमुक तारखेला बाळंत, अमुक गाव. नाव कुठंच नाही. पण त्या गावच्या पारावर बसलेल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. "अगं, ही तर अमक्याची सून!" शहरातसुद्धा हे होतं. लतान्या स्वीनी नावाच्या अमेरिकन संशोधिकेनं दाखवलं की फक्त पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग, एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतले साधारण ८७ टक्के लोक एकटे वेगळे काढता येतात. आपल्या दोन-चार हजारांच्या गावात काय होईल, विचार करा. म्हणून मी मघाशी गावांची नावं घेतली नाहीत.

आणि गरोदरपणाच्या माहितीत काय काय असतं? आधी गर्भपात झाला होता का. मूल दगावलं होतं का. एचआयव्हीची तपासणी. घरात मारहाण होते का. सासूलाही माहीत नसलेली गोष्ट त्या बाईनं कार्यकर्तीला विश्वासानं सांगितलेली असते. डीएनए असेल, तर त्याहून नाजूक मामला. आई, बाप आणि मूल तिघांचे नमुने असले की नात्याबद्दल असं काही बाहेर येऊ शकतं, ज्यानं एखादं घर मोडेल. आणि डीएनएवरचं नाव काढलं, तरी डीएनए स्वतःच ओळख असतो.

म्हणून चौथा टप्पा सगळ्यात अवघड. तारखा काढून "गर्भाचा अठरावा आठवडा" असं लिहितात. वयाऐवजी वयोगट. गावाऐवजी काहीच नाही किंवा नुसता गट. तक्त्यात एखादं वर्णन फक्त एक-दोन जणींनाच लागू पडत असेल, तर ते मोठ्या गटात मिसळतात.

पण जास्त पुसलं तर? तेही नुकसानच. आपल्याकडं पावसाळ्यात शेतीची कामं जोरात असतात आणि घरातलं धान्य संपत आलेलं असतं. गरोदरपणाचे कुठले महिने कुठल्या हंगामात गेले, याचा बाळाच्या वजनाशी संबंध असतो. सगळ्या तारखा पुसल्या की हंगाम पण गेला. मग मधला मार्ग काढतात: तारीख पुसायची, "पावसाळा", "हिवाळा" एवढं ठेवायचं. आई आणि मुलाची जोडी मात्र कधीच तोडायची नाही. ती तुटली की उरतं ते नुसतं रक्त, लेबल नसलेल्या पावडरीसारखं.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला १९९१-९२ पासून चौदा हजारांहून जास्त गरोदरपणांचा अभ्यास चालू आहे, आल्सपॅक नावाचा. ते शास्त्रज्ञांच्या प्रत्येक गटाला वेगळे कोड देतात. त्यामुळं दोन गटांनी आपापले तक्ते एकमेकांना जोडून जास्त ओळख काढायची म्हटलं, तरी जमत नाही. साधी युक्ती आहे, पण कामाची.

सही कशासाठी केली होती?

पाचवा टप्पा कागदाचा, आणि खरा वाद इथंच होतो. तिनं सही कशासाठी केली होती? फक्त आहाराच्या अभ्यासासाठी, की पुढच्या कुठल्याही संशोधनासाठी?

अमेरिकेतली गोष्ट. ॲरिझोनात ग्रँड कॅनियनच्या दरीत हवासुपाई नावाची छोटी आदिवासी जमात राहते. त्यांच्यात मधुमेह फार. १९९० नंतर तिथल्या विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी त्यांचं रक्त घेतलं. लोकांना वाटलं, मधुमेहासाठी. पुढं त्यांना कळलं की त्याच रक्तावर मानसिक आजाराचा, आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याचाही अभ्यास झाला. त्यांच्या श्रद्धेला धक्का बसला. कोर्टकचेरी झाली. २०१० मध्ये विद्यापीठानं तडजोड केली, सात लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. लोक ते रक्त घ्यायला स्वतः गेले. तिथं नुसती नावं लपवून भागलं नसतं. विचारलं नव्हतं, हे दुखणं होतं.

आपल्या देशात आयसीएमआरचे २०१७ चे नियम आहेत. त्यांत साठवलेल्या नमुन्यांवर आणि माहितीवर स्वतंत्र भाग आहे. त्यातली एक गोष्ट प्रत्येकानं लक्षात ठेवावी: नमुना आणि माहिती यांची मालकी देणाऱ्या व्यक्तीची. संस्था फक्त सांभाळणारी, विश्वस्त. बँकेत ठेवलेल्या दागिन्यासारखं समजा. मन बदललं तर नमुना मागं घेता येतो. अडचण एकच, किल्ली कायमची नष्ट केली असेल तर तुमची नळी कुठली हे कुणालाच सांगता येत नाही, मग मागं घेता येत नाही. ओळख पक्की पुसली की सुरक्षितता वाढते, पण तुमचा हातही सुटतो.

पोटातल्या बाळाचं काय? त्याच्या वतीनं आईबापानं सही केलेली असते. ते मूल अठरा वर्षांचं झालं आणि अभ्यास चालू असेल, तर त्याची स्वतःची संमती घ्यायला हवी.

मग नैतिक समिती मंजुरी देते. त्यात डॉक्टरांसोबत वकील आणि सामान्य माणूसही असतो. दोन संस्थांमध्ये करार होतो: नमुना कशासाठी, उरला तर काय करायचं, तिसऱ्याला देता येणार नाही, ओळख काढायचा प्रयत्न करणार नाही. परदेशी संस्था असेल, तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी. हे सगळं झाल्यावर थर्माकोलचा डबा निघतो, कोरडा बर्फ भरून. हा बर्फ उणे ७८ अंशांचा आणि वितळत नाही, हवेत उडून जातो. विमान अडकलं आणि बर्फ उडाला, तर तीस वर्षं जपलेलं दोन दिवसांत जातं. म्हणून सगळ्या नळ्या एकाच खेपेत पाठवत नाहीत.

मग शेअर करायचंच कशाला?

इतकी जोखीम आहे तर कुलूप लावून ठेवावं, असं वाटेल. पण कुलूप लावण्याचीही किंमत आहे. त्या बाईनं सुई टोचून घेतली, शेतातला रोज बुडवला, घरची बोलणी खाल्ली असतील. ते रक्त फ्रीजरमध्ये पडून राहिलं आणि कुणी वापरलंच नाही, तर तिचं देणं वाया गेलं. वर, तोच प्रश्न सोडवायला दुसऱ्या कुणा गरोदर बाईला पुन्हा टोचावं लागतं.

म्हणून जपून वाटण्याच्या वाटा तयार होतायत. आपल्या वढूच्या केंद्रानं आसपासच्या बावीस गावांतल्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतराच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्यात. आफ्रिका आणि आशियातल्या अशा केंद्रांचं इनडेप्थ नावाचं जाळं आहे, आणि २०१३ मध्ये या जाळ्यानं माहिती वाटण्यासाठी सामाईक कोठार उघडलं. त्या कामात वढूचा मोठा वाटा होता. म्हणजे शिरूर तालुक्यातलं एक गाव जगाला माहिती नीट कशी लावायची हे शिकवत होतं!

तिकडं हरियाणात, गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयात २०१५ पासून "गर्भिणी" नावाचा अभ्यास चालू आहे. हजारो गरोदर महिला. बाळ वेळेआधी का जन्मतं, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्याच माहितीवर आयआयटी मद्रासच्या लोकांसोबत भारतीय गर्भाचं वय जास्त अचूक सांगणारं गणित बसवलं गेलं. आधीची सूत्रं परदेशी बाळांवरची होती. आणि आता ती माहिती इतर शास्त्रज्ञांना अर्ज करून वापरता यावी, म्हणून वेगळं व्यासपीठ उभं केलंय. अर्ज करून, हं. सरसकट डाउनलोड नाही.

ताई, तुमच्यासाठी

तर ताई, असा फॉर्म पुढं आला की पाच प्रश्न विचारा. मंडळी, तुम्हीही बायको, बहीण, वहिनी कुणासोबत गेलात तर विचारा.

१. नमुना फक्त माझ्या तपासणीसाठी आहे, की संशोधनासाठीही ठेवणार?
२. कुठल्याही संशोधनासाठी वापरणार, की ठराविकच? मला एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणता येईल का?
३. डीएनए तपासणार का? परदेशी पाठवणार का?
४. कोडची किल्ली कुणाकडं राहणार? मला नको वाटलं तर कुणाला सांगायचं?
५. त्यातून माझ्या किंवा बाळाच्या तब्येतीचं महत्त्वाचं काही कळलं, तर मला कळवणार का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं: नाही म्हटलं तरी उपचार थांबत नाहीत. तो तुमचा हक्क आहे. फॉर्म इंग्रजीत असेल तर मराठीत मागा. फॉर्मची एक प्रत घरी न्या, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.

माझं स्वतःचं मत विचाराल, तर नीट विचारलं आणि नीट उत्तरं मिळाली तर द्यावं. १९९४ साली गावातल्या महिलांनी दिलं, म्हणून आज आपण बी-१२ बद्दल बोलतोय. पण सही "इथं करा" म्हणाले म्हणून करू नका, समजून करा.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात कुणी अशा अभ्यासात भाग घेतला असेल, तर नाव-गाव न सांगता अनुभव व्हॉइस मेसेजवर पाठवा. भाग आवडला तर घरच्या गरोदर ताईला नक्की ऐकवा. काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात. राम राम!